सरखेल कान्होजी आंग्रे : चांचा की दर्याचा धनी?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या शिरूर-दौंड भागाचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कुणी विचारले तर चटकन उत्तर देता येणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. पश्चिमेला उतरलेले पाणी काही कोसांतच कोकणच्या समुद्राला मिळते. आपल्या वाट्याचे पाणी मात्र घोडनदीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर पार पूर्वेच्या समुद्राला जाते. म्हणजे आपल्या नद्यांनीसुद्धा कोकणकडे पाठ फिरवलेली! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही आणि त्याची तिला खंतही नाही. अशा घरातल्या मुलीने आरमाराच्या सरखेलावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल.

पण थोडा विचार केला तर हा संबंध आपल्या अंगणातच सापडतो. शिरूरला कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची समाधी आहे. तो १८०९ साली येथे वारला. आपल्या भागातील लोक त्याला सत्पुरुष मानून सुगीच्या दिवसांत त्याच्या समाधीला नैवेद्य दाखवीत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. हा परमुलखातला माणूस घोडनदीच्या काठी आला कसा? कंपनी सरकारची छावणी शिरूरला पडली होती म्हणून. आणि कंपनी आली कशी? समुद्रावरून, शिडाच्या जहाजांतून, हातात तराजू घेऊन. घोडनदीच्या काठी तंबू ठोकण्यापूर्वी शंभर वर्षे तिची ती समुद्रवाट एका मराठी माणसाने अडवून धरली होती. तो माणूस म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कॉलेजच्या ग्रंथालयात कान्होजींविषयी वाचताना माझी मोठी पंचाईत झाली. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्यांचा उल्लेख सरळसरळ चांचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, असा केलेला. आपल्याकडच्या काही पुस्तकांत मात्र त्यांची नुसतीच आरती. एकच माणूस एका कपाटात दरोडेखोर आणि दुसऱ्या कपाटात देव कसा असू शकेल? या प्रश्नाचे उत्तर शोधावे, म्हणून त्यांचे चरित्र मी बारकाईने वाचले. त्यातून जे हाती लागले ते माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ सालचा मानतात. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले, असे सांगतात. म्हणजे आंग्रे घराणे मुळात आपल्यासारखेच घाटावरचे! वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. हर्णैसमोरच्या पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग ही त्यांची जागा. त्यामुळे कान्होजींचे बालपण कोळी, भंडारी आणि गाबीत नावाड्यांच्या पोरांबरोबर गेले. वारा कुठून येतो, भरती कधी लागते, कोणत्या खाडीच्या तोंडाशी खडक आहे, हे ज्ञान त्यांना कोणत्याही शाळेत मिळाले नाही. ते त्यांना समुद्रानेच दिले. तरुणपणी जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला असता किल्लेदार फितूर होणार असे दिसले, तेव्हा कान्होजींनीच पुढे होऊन किल्ला राखला, अशी कथा आंग्रे घराण्याच्या इतिहासात सांगितली जाते.

तो काळ मोठा कठीण होता. १६८० साली महाराज गेले. १६८९ साली संभाजी महाराजांचा औरंगजेबाने वध केला आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीचा आसरा घ्यावा लागला. घाटावर मोगलांच्या फौजा पसरल्या होत्या. अशा वेळी कोकणकिनारा ज्याचा त्यालाच सांभाळावा लागला. १६९८ साली आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि सरखेलीची वस्त्रे कान्होजींना मिळाली. तेव्हा ते अवघे तिशीचे होते. पुढची तीस वर्षे, म्हणजे १७२९ सालच्या मृत्यूपर्यंत, मुंबईच्या तोंडापासून विजयदुर्गापर्यंतच्या समुद्रावर त्यांचीच सत्ता चालली.

त्यांचा संघर्ष समजून घ्यायचा तर त्या वेळचा समुद्र डोळ्यांसमोर आणला पाहिजे. गोवा, चौल आणि वसई पोर्तुगीजांकडे, जंजिरा सिद्दीकडे, दक्षिणेला कोचीन डचांकडे, आणि १६६८ पासून मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे. कंपनीची मोठी व्यापारी जहाजे लंडनच्या टेम्स नदीतून निघत आणि आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून सहा-सहा महिन्यांनी हिंदुस्थानला पोहोचत. गंमत अशी की यातील बहुतेक जहाजे कंपनीच्या मालकीची नसत. लंडनचे धनिक ती बांधीत आणि कंपनी ती भाड्याने घेई. ती साधारण तीनशे ते पाचशे टनांची असत. पाचशे टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावर धर्मगुरू ठेवण्याचा नियम होता. म्हणून पुढे अठराव्या शतकात कंपनीची कितीतरी जहाजे कागदोपत्री नेमकी ४९९ टनांची भरत! येताना ती चांदी, लोकरी कापड, शिसे आणि लोखंड आणीत. जाताना मिरी, सुती कापड, नीळ आणि सोरा नेत. व्यापारी असली तरी त्यांच्या दोन्ही अंगांना वीस-तीस तोफा लावलेल्या असत. सारा प्रवास वाऱ्याच्या मर्जीवर. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद, आणि नारळी पौर्णिमा उलटली की पुन्हा शिडे दिसू लागत.

या मोठ्या जहाजांखेरीज आणखी एक व्यापार चाले आणि खरी ठिणगी तेथेच पडली. कंपनीच्या नोकरांना पगार अगदी थोडा असे. त्यामुळे सुरत, कालिकत, मोखा, बंगाल अशा बंदरांमध्ये त्यांना खाजगी व्यापार करण्याची मुभा होती. त्यासाठी त्यांची लहान जहाजे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत. त्यांच्यावर झेंडा इंग्रजांचा, पण आतला माल पुष्कळदा सुरतेच्या किंवा मलबारच्या हिंदी व्यापाऱ्यांचा. असे का? तर इंग्रजी झेंडा लावला की वाटेत कुणाला काही द्यावे लागू नये म्हणून.

येथे दस्तकाचा प्रश्न येतो. दस्तक म्हणजे समुद्रावरून जाण्याचा परवाना. ही पद्धत कान्होजींनी शोधून काढलेली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी जाहीर केले की आमचा परवाना घेतल्याशिवाय या समुद्रात कुणीही जहाज हाकू नये; हाकल्यास जहाज आणि माल जप्त. त्यांच्यापूर्वी शतकानुशतके याच पाण्यावरून व्यापार करणाऱ्या लोकांना त्यांनी हा नियम लावला! पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. कान्होजींचे म्हणणे एवढेच होते की हा किनारा छत्रपतींचा आहे, या पाण्याची राखण मी करतो, तेव्हा येथून माल नेणाऱ्याने माझे दस्तक घ्यावे. खुद्द कंपनीच्या मालाविषयी बोलणी होऊ शकेल. पण दुसऱ्याचा माल इंग्रजी झेंड्याखाली लपवून नेलेला चालणार नाही.

मला ही गोष्ट एका घरगुती उदाहरणाने समजली. माझे वडील कांद्याच्या गोण्या टेम्पोत भरून बाजारात नेतात. रस्त्यात टोल, बाजारात हमाली, तोलाई. प्रत्येकाची पावती ते सदऱ्याच्या खिशात जपून ठेवतात. आता समजा, एखाद्या धनवान व्यापाऱ्याने बाहेरच्या बलवान माणसाची पाटी आपल्या गाडीवर लावली आणि मी कुणालाच काही देणार नाही म्हणाला, तर नाक्यावरचा माणूस गाडी अडवील की नाही? अडवली तर त्याला दरोडेखोर म्हणायचे का? फरक इतकाच की समुद्रावर नाका दिसत नाही. म्हणून तेथला नाकेदार कोण, हे ज्याच्या त्याच्या तोफाच ठरवीत.

तोफांच्या बाबतीत कान्होजी इंग्रजांपुढे लहान होते. कंपनीच्या जहाजाशी बरोबरीने उभे राहून लढणे त्यांच्या जहाजांना झेपणारे नव्हते. पण त्यांनी आपल्या कमीपणाचाच उपयोग करून घेतला. त्यांच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजे होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, दीडशेपासून चारशे टनांपर्यंतचे जहाज. त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब निमुळते असे आणि तेथे दोन मोठ्या तोफा थेट समोर मारा करीत. दुसरे गलबत. ते फार तर सत्तर टनांचे, मोठ्या तिरकस शिडाचे; शिवाय त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. दोन्हींचे तळ उथळ, त्यामुळे ती कोणत्याही खाडीत शिरून दिसेनाशी होत. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज पाण्यात खिळल्यासारखे होई. नेमक्या त्याच वेळी गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना दोरखंडाने ओढीत आणीत, तीही शत्रूच्या पिछाडीकडून, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नाहीत. आधी डोलकाठ्या आणि शिडे फोडायची. जहाज लंगडे झाले की चहूकडून शेकडो माणसांनी तलवारी घेऊन वर चढायचे. शिवाजी महाराजांनी डोंगरात जे केले तेच कान्होजींनी पाण्यावर केले, असे मला वाटते.

१७१२ सालचा एक प्रसंग या संघर्षाच्या दोन्ही बाजू दाखवतो. १७०९ साली ‘लॉयल ब्लिस’ नावाचे कंपनीचे जहाज बंगालला निघाले होते. वाऱ्याचा हंगाम हुकल्याने त्याला कारवारच्या बंदरात थांबावे लागले. त्यावर कुक नावाचा एक अधिकारी कुटुंबासह होता. त्याची थोरली मुलगी कॅथरीन जेमतेम तेरा-चौदा वर्षांची. कारवारच्या वखारीचा प्रमुख हार्वे हा वयाने पुष्कळ मोठा. पण त्याच्याकडे पैसा होता. त्याच्याशी तिचे लग्न लावून आईबाप पुढे निघून गेले. हार्वे लवकरच वारला. मग तिने थॉमस चाऊन या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केले. नोव्हेंबर १७१२ मध्ये ही दोघे मिरी लादलेल्या एका जहाजातून कारवारहून मुंबईला निघाली. सोबत राखणीला मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका होती. वाटेत कान्होजींच्या जहाजांनी गाठले. लढाईत चाऊनचा हात तुटला आणि तो मेला. दोन्ही जहाजे पकडली गेली. सतरा-अठरा वर्षांची कॅथरीन त्या वेळी गरोदर होती. ती कैदेत पडली आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये दंड भरल्यावर सुटली.

हा प्रसंग वाचताना मला कान्होजींचा अभिमान वाटला नाही, हे मी येथे नमूद करते. माझ्याहून लहान वयाची ती मुलगी. आईबापांनी तिचे लग्न मिरीच्या सौद्यासारखे उरकले आणि दोन सत्तांच्या भांडणात तीच भरडली गेली. ओलीस धरून पैसे घेण्याची चाल त्या काळी सर्वच सत्तांची होती, हे खरे. तरीही चरित्रनायकाच्या प्रेमापोटी अशी पाने गाळून टाकणे हा इतिहास नव्हे. याच सुमारास इंग्रजांनी कान्होजींशी तह केला. मुंबईच्या गव्हर्नराने करार करावा, म्हणजे समोरच्याला राज्यकर्ता मानणे आले. कारण दरोडेखोराशी कोणी तह करीत नाही. ही गोष्ट त्यांना चांचा म्हणणाऱ्या इंग्रजी ग्रंथांतूनच सिद्ध होते.

इकडे घाटावर मराठ्यांच्या गादीचा तंटा पेटला होता. शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटले होते, आणि कान्होजी होते ताराबाईंच्या पक्षात. १७१३ साली ते घाट चढून आले. त्यांनी लोहगड घेतला आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. साताऱ्याला धोका उत्पन्न झाला. तेव्हा शाहू महाराजांनी हे काम बाळाजी विश्वनाथांवर सोपवले आणि त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली. ही वस्त्रे १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे देण्यात आली. दौंडहून पुण्याला रेल्वेने जाताना हडपसरच्या आधी लागते तीच ही मांजरी! आपण रोज जिच्या फलाटावरून पुढे जातो तेथे पेशवाईच्या नव्या पर्वाचा आरंभ झाला, आणि त्याला निमित्त झाले कान्होजी.

बाळाजी विश्वनाथ हे स्वतः कोकणातले श्रीवर्धनचे; कान्होजींना ओळखणारे. त्यांनी लढाई टाळून बोलणी केली. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानले आणि पेशव्यांची सुटका केली. त्याबदल्यात सरखेली कायम झाली आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. मराठ्यांच्या दोन हुशार माणसांनी एकमेकांचे रक्त न सांडता राज्य वाचवले, असा हा दुर्मिळ प्रसंग आहे. आता कान्होजींच्या पाठीशी सह्याद्री उभा राहिला.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. आंग्र्यांचा नायनाट करायचाच, असा त्याने चंग बांधला. मुंबईभोवतीचा तट त्याने पुरा केला आणि नवी लढाऊ जहाजे बांधवून घेतली. इंग्रजी संरक्षणाखाली जाणारे ‘सक्सेस’ नावाचे जहाज आंग्र्यांनी पकडले आणि भांडण पुन्हा पेटले. त्या जहाजाचा मालक होता सुरतेतील कंपनीचा हिंदी दलाल! म्हणजे वाद पुन्हा त्याच मुद्द्यावर आला : झेंडा कुणाचा आणि माल कुणाचा?

१७१७ साली बूनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला. तट उंच, खडक निसरडा; हल्ला फसला. १७१८ साली मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर चढाई केली, तीही फसली. १७२० साली त्यांनी एक नवलच केले. जाड फळ्यांचा, सपाट बुडाचा एक तरता तोफखाना बांधून विजयदुर्गासमोर नेला. पण त्याची तोफांची भोकेच इतकी खाली होती की गोळे हवे तेथे पोहोचेनात. ही मोहीमही वाया गेली.

सर्वांत मोठे संकट १७२१ च्या डिसेंबरात आले. या वेळी इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज मुंबईत आला होता. इंग्रज आणि पोर्तुगीज एरवी एकमेकांकडे संशयाने पाहत. पण आंग्र्यांविरुद्ध ते एक झाले. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर राहिला. सुमारे सहा हजारांची फौज चौलकडून कुलाब्यावर चालून गेली. मुंबईपासून जवळच्या अलिबागसमोरचा हा कुलाबा किल्ला म्हणजे कान्होजींची राजधानी. पण पाण्यातला कोट आणि किनाऱ्यावरची मराठी फौज यांच्या कात्रीत ते सापडले. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठी स्वाराचा भाला घुसला. इतक्यात शाहू महाराजांच्या वतीने तरुण बाजीराव पेशवे मदतीला येऊन पोहोचले. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांवर खापर फोडू लागले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवीत परत जावे लागले. त्याच महिन्यात बूनही मायदेशी निघून गेला. १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर आपली जहाजे आणून पाहिली. त्यांनाही परतावे लागले. युरोपातील तीन समुद्री सत्ता एका सरखेलापुढे थकल्या, ही गोष्ट लहान नाही.

परंतु सततच्या लढायांतच त्यांचे सर्व आयुष्य गेले, असे नव्हे. अलिबागची भरभराट त्यांच्या काळात झाली. ‘अलिबागी रुपया’ हे चांदीचे नाणे त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. सागवानी जहाजे बांधण्याचे कारखाने खाड्यांतून चालत. त्यांच्या आरमारात कोळी होते, भंडारी होते, गाबीत होते, मुसलमान होते. त्यांच्या सरदारांत मेंढाजी भाटकर हे नाव सांगितले जाते. इतकेच नव्हे तर काही युरोपियन खलाशी आणि गोलंदाजही त्यांच्या चाकरीत होते. ज्याला समुद्र कळतो तो आपला, हाच त्यांचा निकष असावा. घाटावर ज्यांची नावे दरबारात कुणी घेत नव्हते, अशा नावाड्यांच्या हाती त्यांनी गुराबे दिली. माझ्या मते त्यांच्या यशाचे खरे रहस्य येथे आहे.

पुढे गव्हर्नर फिप्स याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी इंग्रजांना बजावले होते की जोरजबरदस्तीचा दोष एकट्या आंग्र्यांना देऊ नये. व्यापारावर समाधान न मानता राजांशी युद्धे कंपनीनेही केलीच आहेत. यात त्यांनी स्वतःला साधू म्हणवून घेतलेले नाही. तुम्ही आणि मी एकाच तराजूत तोलले जावे, एवढीच त्यांची मागणी होती.

४ जुलै १७२९ रोजी अलिबाग येथे कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे. जिवंतपणी समुद्रावर त्यांना कुणी निर्णायक हरवू शकले नाही. मग त्यांच्यामागे पंचवीस-सत्तावीस वर्षांत त्यांचे आरमार नाहीसे कसे झाले? याचे उत्तर दुःखद आहे. वडील मुलगा सेखोजी १७३३ साली वारला आणि उरलेले भाऊ आपसात भांडू लागले. कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजीकडे व नंतर तुळाजीकडे, अशी दौलत दुभंगली. तुळाजीचे आणि पेशव्यांचे पटेना. ज्या घराण्याशी बाळाजी विश्वनाथांनी तह केला, ज्याच्या मदतीला बाजीराव धावून गेले, त्याच घराण्याचे आरमार बुडवण्यासाठी बाजीरावांच्या मुलाने, नानासाहेबांनी, इंग्रजांचा हात धरला. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रावरून वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी आणि जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेने विजयदुर्ग घेरला. आंग्र्यांची जहाजे बंदरातच जळून खाक झाली. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी पुढे बंगालकडे गेले आणि १७५७ साली प्लासीची लढाई झाली. कंपनीच्या तराजूची तलवार झाली ती अशी.

याचा सर्व दोष पुढच्या पिढ्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. कान्होजींनी आरमार उभे केले, पण ते राज्याचे कमी आणि घराण्याचे जास्त होते. इंग्रजांचा गव्हर्नर बदलला तरी कंपनी तीच राहत असे. आंग्र्यांचा धनी बदलला की आरमार वाटले जाई. शिवाय कान्होजींचे सारे डावपेच किनाऱ्याजवळच्या पाण्याचे होते. सहा महिने खुल्या समुद्रात तग धरतील अशी जहाजे त्यांनी बांधली नाहीत. त्यामुळे ते दार अडवू शकले. पण ते दार ज्या वाड्याचे होते, त्या वाड्यापर्यंत मात्र पोहोचू शकले नाहीत. त्यांच्या दस्तकाचा जाच काही वेळा आपल्याच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनाही झाला असणार, हेही मान्य केले पाहिजे.

तर मग चांचा की दर्याचा धनी? माझे उत्तर असे. चांचा हा कुणाचाच नसतो. त्याला छत्रपती नसतो, तह नसतो, नाणे नसते, रयत नसते. कान्होजींना हे सर्व होते. जो परवाना पोर्तुगीजांनी दिला तर कायदा आणि इंग्रजांनी दिला तर व्यापाराचे संरक्षण, तोच कान्होजींनी दिला की लूट कशी होते? हा शब्द जिंकणाऱ्यांनी वापरला. आणि पुढे शाळा, छापखाने आणि ग्रंथालये त्यांचीच असल्यामुळे तो टिकून राहिला. म्हणून आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच पुस्तक हाती आलेल्या मुलामुलींनी शब्द वाचताना तो कुणी आणि कशासाठी लिहिला हेही विचारायला शिकले पाहिजे. छापलेले असते म्हणून ते खरे असते असे नाही, मग ते निंदेचे असो की स्तुतीचे.

स्वतंत्र भारताने १९५१ साली मुंबईतील आपल्या नाविक तळाला ‘आय. एन. एस. आंग्रे’ हे नाव दिले. ज्या मुंबईतून आंग्र्यांना बुडवण्याच्या मोहिमा निघत, त्याच मुंबईत! आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे कान्होजींच्या आरमाराचे आधार. आणि चौथा लोहगड त्यांनी घाट चढून घेतलेला. आपल्या कॉलेजच्या सहली बहुधा रायगड-प्रतापगडाकडे जातात. एखाद्या वर्षी ती अलिबागला जावी, अशी माझी गुरुजनांना नम्र विनंती आहे. ओहोटी असली की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. भरती लागण्यापूर्वी मात्र परत फिरावे लागते. नाहीतर पुढची ओहोटी येईपर्यंत पाणी आपल्याला तेथेच अडवून ठेवते. कान्होजींच्या समुद्राची एवढी ओळख तरी आपणा घाटावरच्या मुलांना व्हायला हवी.